खडूच्या रेषेखाली

मित्रांनो, या खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला जे गोल, काचेचं काहीतरी टेकवून ठेवलेलं दिसतं, तो मी. एके काळी मी पावाच्या गाडीचा उजवा हेडलाइट होतो. आता माझ्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे, आतला आरसा काळवंडला आहे आणि बल्बच्या जागी एका कोळ्याने बिऱ्हाड थाटलं आहे. त्याची मला अडचण नाही. तेवढीच सोबत.

माझी गोष्ट सांगायला मला आवडत नाही. आपलीच चूक आपल्या तोंडाने सांगायची म्हणजे जीभ जड होते, आणि मला तर जीभही नाही. पण संध्याकाळ झाली, समोरच्या रस्त्यावर एकेक दिवा लागायला लागला, की माझा जीव वरखाली होतो. तुमच्यापैकी काहीजण उद्या मोठे होऊन गाडी चालवतील. म्हणून मन घट्ट करून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यातला. वितळलेली काच साच्यात ओतून आधी माझा चेहरा घडवला. मग त्यामागे आरशासारखी चकचकीत वाटी बसवली आणि वाटीच्या पोटात बल्ब. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही तयार झाला, डावा. तपासणीच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एका बाई होत्या. त्यांनी मला काळ्या पडद्यासमोर लावून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, काय लखलखीत आहे!" आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. त्या दिवसापासून मी जरा शेफारलोच. डावा मात्र पहिल्यापासून शांत होता.

आम्ही दोघे एका निळ्या, बोजड नाकाच्या गाडीला लागलो. ती एका बेकरीची गाडी होती. तिचा ड्रायव्हरच गावभर पाव पोचवायचा, म्हणून सगळे त्याला पाववाला म्हणत. उंच, हडकुळा, तोंडात कायम शिट्टी. गाडी चालू करताना शिट्टी, पावाचे ट्रे उचलताना शिट्टी, पंक्चर झालं तरी शिट्टी. रोज पहाटे निघण्याआधी तो ओल्या फडक्याने आमच्या काचा पुसायचा, आधी माझी, मग डाव्याची. चिखलाचा एक ठिपका राहू द्यायचा नाही. असा ड्रायव्हर मिळायला भाग्य लागतं, हे मी आजही म्हणतो.

पाववाल्याचं घर गावाबाहेर, थोड्या चढावर होतं. हेच ते घर. खाली पाण्याची टाकी आहे, तिथे रस्ता वळतो, आणि वळलं की ही खिडकी थेट समोर येते. पाववाल्याची दुपारची फेरी लांबची असायची. परतताना रोज दिवेलागण व्हायची. त्याला एकच मुलगी. भारी चपळ आणि चटकन भडकणारी, म्हणून घरात तिला ठिणगी म्हणत. दिवसा कुणाचं न ऐकणारी ही पोर अंधार पडायला लागला की मात्र खिडकीतून हलायची नाही. बाबा येणार की नाही, ही एकच धास्ती तिला असायची.

ती पाच वर्षांची असताना पाववाल्याने तिला जवळ घेऊन सांगितलं, "हे बघ, टाकीच्या वळणावर आलो की आपली गाडी तीन वेळा डोळे मिचकावेल. मिचकावले की समजायचं, बाबा आला. मग रडायचं नाही."

"आणि मी काय करू?" ठिणगीने विचारलं.

"तू घरातला दिवा तीनदा बंद-चालू कर. मग मी समजेन की माझी वाट बघणारं कुणीतरी आहे."

तुम्हाला ठाऊक असेल, आम्हा हेडलाइटांचे दोन प्रकाश असतात. एक जवळचा, खाली रस्त्यावर पडणारा, त्याला ड्रायव्हर लोक डिपर म्हणतात. दुसरा लांबवर, सरळ समोर जाणारा, तो अप्पर. डोळे मिचकावायचे म्हणजे तीन वेळा अप्पर मारायचा. मी सगळी ताकद लावून तो फेकायचो. वर खिडकीतला दिवा तीनदा विझायचा, लागायचा. ठिणगीची आई तेवढ्यावर चहाचं आधण ठेवायची. पाच वर्षं एक दिवस चुकला नाही. अख्ख्या दिवसाच्या कामात मला त्या तीन उघडझापींचं जेवढं अप्रूप होतं, तेवढं कशाचंच नव्हतं.

आता मिस्त्रीकाकांबद्दल सांगतो. गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारं त्यांचं एक छोटंसं दुकान होतं. सगळ्या जगाच्या गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः मात्र सायकलवरून फिरायचा. सायकलला चाकावर घासून चालणारा छोटा डायनॅमोचा दिवा होता. कुणी हसलं की म्हणायचे, "माझ्या दिव्याला बॅटरी लागत नाही, पाय लागतात."

त्यांच्या दुकानासमोर एक पांढरी भिंत होती आणि त्या भिंतीवर खडूची एक आडवी रेषा. दिव्यांची नजर बसवायला आलेली कुठलीही गाडी आधी त्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी राहायची. मिस्त्रीकाका एका गाठ मारलेल्या दोरीने दिव्याची उंची मोजायचे, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडू ओढायचे आणि एका दिव्यावर पोतं टाकून दुसरा लावायचे. डिपरचा प्रकाश रेषेच्या खाली पडला पाहिजे. वर गेला तर स्क्रू फिरवून खाली आणायचा. पुन्हा बघायचं, पुन्हा फिरवायचं. घाईचं नाव नाही. मला त्या खाली पाहण्याचा जरा रागच यायचा. एवढा लखलखीत मी, आणि मला मान खाली घालायला लावतात!

पाववाल्याच्या तीन उघडझापींची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ते एकदा स्क्रू फिरवता फिरवता म्हणाले, "अरे पाववाल्या, लेकीसाठी करतोस, कौतुक आहे. पण अप्पर हा रिकाम्या रस्त्यासाठी असतो. समोरून कुणी आलं तर?"

"अहो मिस्त्री, त्या वेळी त्या रस्त्याला कुत्रंसुद्धा नसतं."

"असेल त्या दिवशी त्याला काही दिसणार नाही. आणि तुला तो दिसणार नाही."

पाववाल्याने हसून शिट्टी सुरू केली. मीही मनातल्या मनात हसलो.

मग ठिणगी दहा वर्षांची झाली त्या वर्षी बेकरीचं पीठ आणणारा ट्रक बंद झाला. दुपारच्या फेरीवरून येताना गिरणीतून पिठाची पोती आणायचं काम पाववाल्याच्या गळ्यात पडलं. सकाळी हलके पाव, संध्याकाळी जड पोती. पोती सगळी मागे, त्यामुळे गाडीची शेपटी दबायची आणि नाक वर व्हायचं. नाक वर झालं की आम्हीही वर. मिस्त्रीकाकांनी रिकाम्या गाडीवर बसवलेली आमची नजर रस्त्यावरून उठून झाडांच्या शेंड्यांत जाऊ लागली. डिपर लावला तरी तो समोरच्याच्या थेट डोळ्यांत जायचा.

समोरून येणारे लोक हात आडवे धरायचे, तोंड फिरवायचे. एका ट्रकवाल्याने तर थांबून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाववाला बुचकळ्यात पडला, "डिपरच तर आहे, याला झालं काय?" आणि मी? मित्रांनो, सांगायला लाज वाटते. मला वाटायचं, माझं तेज बघून लोक दिपून जातायत. मी आणखी छाती फुगवायचो.

मिस्त्रीकाकांनी एका संध्याकाळी दुकानाच्या दारातून गाडी जाताना पाहिली आणि हात दाखवून थांबवली.

"गाडीने नाक वर केलंय. पोत्यांसकट आण माझ्याकडे. रोजचं ओझं असतानाच दिव्यांची नजर बसवायला हवी."

"आणतो ना. उद्याच आणतो."

उद्याचा परवा झाला. गाडी पोत्यांसकट त्यांच्या दुकानापाशी यायची तेव्हा संध्याकाळ असायची आणि पाववाल्याला घरची ओढ लागलेली असायची. वळणावर लेक वाट बघत असायची. असे तीन आठवडे गेले. पाववाला वाईट नव्हता हो. त्याला नुसती घाई होती, आणि ती घाईसुद्धा मायेची होती.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. पण ठिणगीने तो या खिडकीत बसून इतक्या वेळा सांगितला आहे की मला तो पाठ झाला आहे. एके दिवशी मिस्त्रीकाकांनी दुकान लवकर बंद केलं, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, दोरी आणि खडू टाकला आणि सायकल दामटत ते थेट या घरी आले. गाडी येत नाही, तर आपणच तिच्याकडे जाऊ, असा त्यांचा विचार. त्यांनी अंगणात पावलांनी पंचवीस फूट मोजले. घराच्या भिंतीवर दोरी धरून, दहा वर्षांच्या ठिणगीच्या हाती दोरीचं दुसरं टोक देऊन, खडूची सरळ रेषा ओढली.

"या रेषेच्या वर उजेड गेला की समजायचं, कुणाच्या तरी डोळ्यांत गेला," त्यांनी तिला समजावलं.

चहा झाला. पण त्या दिवशी गिरणीत गर्दी होती आणि आम्हाला पोती चढवायला उशीर झाला. ऊन उतरलं, अंधार दाटू लागला. मिस्त्रीकाका उठले. ठिणगीची आई म्हणाली, "थांबा ना, येतीलच ते आता."

"नको वहिनी, दिवेलागणीनंतर मला हल्ली कमी दिसतं. पूर्ण काळोख पडायच्या आत पोचतो. ठिणगे, बाबांना सांग, उद्या पोती न उतरवता इथेच थांब म्हणावं. मी येतो."

एवढं बोलून ते निघाले. ठिणगी धावत येऊन या खिडकीत बसली.

आता मी पाहिलेलं सांगतो. आम्ही टाकीच्या वळणावर आलो. समोरून एक छोटासा पिवळा दिवा उतारावरून येत होता. आमच्यातलाच एक धाकटा म्हणा ना, थरथरत, मिणमिणत. पाववाल्याचं लक्ष वर खिडकीकडे होतं. शिट्टी वाजत होती. त्याने तीन वेळा अप्पर मारला आणि मी नेहमीसारखी सगळी ताकद लावली. पहिल्या उघडझापीला तो छोटा दिवा डगमगला. दुसरीला रस्त्याच्या कडेला गेला. तिसरीनंतर तो मला दिसलाच नाही.

मला वाटलं, वळला असेल कुठेतरी.

वर खिडकीतला दिवा तीनदा बंद झाला, तीनदा लागला. आम्ही शिट्टी वाजवत घरी आलो.

गाडी अंगणात वळून भिंतीसमोर उभी राहिली आणि माझा उजेड भिंतीवर पडला. तिथे खडूची ताजी, पांढरी रेषा होती. माझा उजेड तिच्या खाली नव्हता. रेषेच्या कितीतरी वर, पार छपरापर्यंत पोचला होता. पाववाल्याने गाडी बंदच केली नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच भिंतीकडे बघत राहिला. एवढ्यात ठिणगी उड्या मारत बाहेर आली.

"बाबा, मिस्त्रीकाका आले होते! तुमच्यासाठी ही रेषा मारून गेलेत. वाटेत भेटले असतील ना तुम्हाला?"

"नाही गं. कधी गेले?"

"आत्ताच की. तुम्ही डोळे मिचकावलेत ना, त्याच्या जरासंच आधी."

पाववाल्याची शिट्टी थांबली. ती थांबली ती कायमचीच, पुन्हा त्याच्या तोंडून मी ती कधी ऐकली नाही. त्याने गाडी इतक्या घाईने मागे घेऊन वळवली की फाटकाचा खांब मला लागला आणि हा तडा गेला. दुखलं असेल, पण मला आठवत नाही. मी जळत होतो, एवढंच मला हवं होतं.

टाकीजवळ रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीत, दगडांमध्ये ते पडले होते. सायकल त्यांच्या अंगावर होती. ज्या उजेडाने त्यांना पाडलं त्याच उजेडात ते सापडले. पाववाल्याने हाक मारली तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि पहिलं वाक्य काय बोलले ठाऊक आहे? "दिवा खाली घे रे, काही दिसत नाही."

त्यांचा जीव वाचला. पण उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. त्या हातात पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर धरता आला नाही. भेटायला येणाऱ्याला ते सांगायचे, "वय झालं, मोरी दिसली नाही." पाववाला मात्र ज्याला त्याला सांगत सुटला, "माझा अप्पर होता. त्यांनी तीन आठवडे आधी सांगितलं होतं." दोघेही आपापल्या जागी हट्टी होते.

आणि ठिणगी? ती खिडकीत यायची बंद झाली. पाववाला आता निम्मीच पोती घ्यायचा आणि वळणावर नुसता हळू व्हायचा, डिपर लावून पुढे यायचा. वरची खिडकी काळोखी असायची. ती ज्योतीसारखी पोर कोपऱ्यात गप्प बसून राहायची. आईने समजूत घातली, बापाने घातली. तिचं एकच म्हणणं होतं, "मीच रोज वाट बघत होते. मी नसते बघत, तर बाबांनी दिवा मारलाच नसता." दहा वर्षांच्या लेकराने एवढं ओझं उचललं होतं. पिठाची पोती त्यापुढे काहीच नव्हती.

दोन महिन्यांनी पाववाला गाडी पोत्यांसकट मिस्त्रीकाकांच्या दुकानासमोर घेऊन गेला. ठिणगीला त्याने मुद्दाम बरोबर नेलं. मिस्त्रीकाका स्टुलावर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. पाववाला त्यांच्यासमोर उभा राहून पुन्हा आपल्या अप्परचंच बोलू लागला. त्यांनीच विषय बदलला.

"ठिणगे, पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर काढ."

ती जागची हलली नाही. "मला नको. तो दिवा माझ्यासाठीच लागत होता."

"म्हणून तर तुझ्या हाताने खाली आण," मिस्त्रीकाका म्हणाले. "माझा हात आता चालत नाही. तुझे दोन आहेत. ये, मी सांगतो."

तिने डाव्यावर पोतं टाकलं. दोन्ही हातांनी स्क्रू-ड्रायव्हर धरला. मिस्त्रीकाका बसल्या जागेवरून सांगत होते, थोडं फिरव, थांब, भिंत बघ, अजून थोडं. तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या काचेवर, बरोबर तड्यावर पडत होतं. मी इंचाइंचाने खाली आलो. कारखान्यातून निघाल्यापासून मला मान खाली घालायचा राग यायचा. त्या दिवशी मी अगदी निमूट, रेषेच्या खाली गेलो. मिस्त्रीकाका म्हणाले, "शाबास." ते तिला म्हणाले. मला कुणी शाबास म्हणावं असं मी काही केलं नव्हतं.

ते दुकान त्या वर्षाअखेर बंद झालं. त्यानंतर तीन वर्षांनी मिस्त्रीकाका गेले. ती पांढरी भिंत पुढच्या भाडेकरूने रंगवून टाकली. तोवर माझाही आरसा काळा पडला, तड्यातून पाणी शिरू लागलं. गाडीला नवा दिवा बसला आणि मला फेकायला काढलं, तेव्हा ठिणगीने मला उचलून इथे आणलं. का आणलं, ते तिने कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तिला विसरायचं नव्हतं.

आता गाडी ठिणगीच चालवते. पाववाला म्हातारा झाला, त्याला संध्याकाळचं कमी दिसतं. दिवेलागणीला तो माझ्याशेजारी येऊन बसतो आणि टाकीकडे बघत राहतो. रस्त्यावरून पुष्कळ गाड्या येतात. कुणाचा प्रकाश खिडकीतून आत घुसून थेट समोरच्या भिंतीवर आदळतो, तेव्हा त्याचा हात नकळत डोळ्यांवर जातो. पण एक गाडी वळणावर येते आणि समोर कुणी असो वा नसो, तिचे दिवे हळूच खाली होतात. रस्त्याला टेकतात.

"आली," तो म्हणतो आणि उठून घरातला दिवा लावतो. एकदाच.

बाहेरच्या भिंतीवर खडूची रेषा अजून आहे. पावसाने पुसट झाली की ठिणगी मिस्त्रीकाकांच्या त्याच गाठीच्या दोरीने ती पुन्हा ओढते, आणि गाडीवर नवं काही ओझं चढलं की भरलेली गाडी तिच्यासमोर उभी करून स्क्रू फिरवते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या दिव्यांच्या काचा पुसा. मागे ओझं चढलं, की उजेड कुठे जातोय ते एखाद्या भिंतीवर बघा. दिवे तुम्हाला दिसावं म्हणून असतात, तसे समोरच्यालाही दिसावं म्हणून असतात. आणि समोरून कितीही छोटा, मिणमिणता दिवा आला, तरी आपला खाली घ्या. तुमची वाट बघणारं कुणी असेल, तर त्याचीही वाट बघणारं कुणी असेल. त्या छोट्या दिव्याच्या मागे कोण आहे, ते आपल्याला दिसत नसतं.

मलाही दिसलं नव्हतं.